घेवडा आणि मक्याच्या पावाचे भांडण: एक जंप ब्लूज गाणे कसे ऐकावे

१९४९ साली अमेरिकेतल्या डेका कंपनीने काढलेल्या एका तबकडीवर घेवडा आणि मक्याचा पाव यांची चांगलीच जुंपते. घेवडा पावाला असा तडाखा देतो की तो दिसेनासा होतो. पाव सावरून म्हणतो की ठीक आहे, उद्या रात्री कोपऱ्यावर भेट. आणि घेवडाही मागे न हटता आपण उद्या रात्री तयार असू, असे पुन्हा पुन्हा बजावतो. गाण्याचे नाव ‘बीन्स अँड कॉर्न ब्रेड’, गायक लुई जॉर्डन आणि साथीला त्याचा ‘टिम्पनी फाइव्ह’ हा ताफा. त्या वर्षी हे गाणे ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षाच्या जूनपर्यंत बिलबोर्ड नियतकालिकात या यादीचे नाव ‘रेस रेकॉर्ड्स’ असे होते, म्हणजे कृष्णवर्णीयांचे संगीत वंशाच्या नावाने वेगळे काढून ठेवले जात होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने आताच लक्षात ठेवावी.

जंप ब्लूजशी अजिबात ओळख नसलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी, असे विचारले तर मी हेच गाणे सुचवतो. त्यातला विनोद पहिल्याच वेळी कळतो, आणि अडचणही तीच आहे: विनोद कळला की गाणे कळले असे वाटते, आणि श्रोता हसून पुढच्या गाण्याकडे वळतो. मीही कित्येक वर्षे ते ‘गमतीचे गाणे’ म्हणूनच बाजूला ठेवले होते. वास्तविक ते जेमतेम तीन मिनिटांचे असल्यामुळे एका बैठकीत पाच-सहा वेळा सहज ऐकता येते, आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे कान दिला तर त्यात किती कारागिरी भरली आहे ते दिसू लागते. पुढे सांगितलेल्या फेऱ्या त्याच क्रमाने केल्या तर अधिक बरे.

ऐकण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे योग्य ध्वनिमुद्रण शोधणे. जॉर्डनने आपली अनेक गाजलेली गाणी १९५६ मध्ये मर्क्युरी कंपनीसाठी नव्याने मुद्रित केली, आणि संकलनांमध्ये जुनी-नवी मुद्रणे शेजारी शेजारी पडलेली असतात. म्हणून आपण १९४९ चे डेकाचे मुद्रण ऐकत आहोत याची खात्री करून घ्यावी. फोनच्या उघड्या स्पीकरवर बास जवळपास ऐकूच येत नाही आणि या संगीताचा पाय तर बासमध्येच आहे, म्हणून निदान पहिल्या काही वेळा तरी कानात घालायचे साधे हेडफोन वापरावेत. जुन्या तबकडीची खरखर राहिलेली असली तरी बिघडत नाही. खरखर पार धुऊन काढलेल्या प्रतींमध्ये पुष्कळदा झांजेचा खणखणाटही धुतला गेलेला असतो.

जंप ब्लूज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले हे नाचाचे संगीत. कॅन्सस सिटीच्या मोठ्या वाद्यवृंदांचा झपाटा, पियानोवरच्या बूगी-वूगीत सतत फिरत राहणारा डावा हात आणि ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराची बारा खंडांची चौकट, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या. मोठ्या वाद्यवृंदात पंधरा-सोळा वादक असत. महायुद्धाच्या काळात पेट्रोल आणि टायर मिळेनात, तरुण वादक सैन्यात गेले, आणि १९४४ मध्ये नाचगाण्याच्या क्लबांवर तीस टक्के करमणूक कर बसला, जो पुढे वीस टक्क्यांवर आणला गेला. एवढे मोठे बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणे मग कोणाला परवडणार? सहा-सात जणांत सोळा जणांचा आवाज काढणारा ताफा ही काळाची गरज झाली, आणि जॉर्डन ते काम १९३८ पासून करतच होता.

त्याचा जन्म ८ जुलै १९०८ रोजी आर्कान्सा राज्यातल्या ब्रिंकली गावी झाला. वडील बँडमास्तर होते, आणि ‘रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स’ या तंबू ठोकून गावोगाव खेळ करणाऱ्या मंडळीत बापलेक दोघेही वाजवत. तमाशाच्या फडात वाढलेला कलावंत जसा गाणे, नाच, सोंग आणि हजरजबाबीपणा यांना वेगवेगळी खाती मानत नाही, तसाच हा माणूस होता. १९३६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघरात चिक वेबच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि दोन वर्षांनी तेथून बाहेर पडून त्याने स्वतःचा ताफा उभा केला. ‘टिम्पनी फाइव्ह’ हे नाव पडले ते ड्रमवादक वॉल्टर मार्टिन टिम्पनी नावाचे मोठे नगारे वापरत असे म्हणून. पुढे ताफ्यात पाचाहून अधिक माणसे आली तरी नाव ‘फाइव्ह’च राहिले.

पहिली फेरी: नुसती गोष्ट

पहिल्या वेळी वाद्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका. कोण कोणाला काय बोलतो आहे, एवढेच पाहा. गाण्यात तीन आवाज आहेत, आणि मुख्य गायन एकट्या जॉर्डनचेच असल्यामुळे ते पटकन वेगळे होत नाहीत. एक निवेदकाचा, दुसरा घेवड्याचा, तिसरा पावाचा. निवेदक प्रत्येक वेळी ‘असे घेवडा पावाला म्हणाला’ अशा अर्थाची पुस्ती जोडतो. इंग्रजी शब्द सगळे समजले नाहीत तरी या पुस्तीवरून बोलणारा ओळखता येतो.

यात एक जागा थांबून पाहण्यासारखी आहे. घेवडा तावातावाने सांगतो की दुपारी अडीच वाजल्यापासून मी या भांड्यात आहे, फुगतो आहे, टम्म होतो आहे, आणि आता शिजत आलो आहे. ज्याने प्रेशर कुकरशिवाय वाल किंवा राजमा शिजवला आहे, त्याला या ओळीचे मर्म सांगावे लागणार नाही. सुका घेवडा रात्रभर भिजवायचा, मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचा, मध्ये मध्ये गरम पाणी घालायचे, आणि तरीही दाणा बोटाने चेपून पाहिला की आतून कच्चाच निघतो. मक्याचा पाव मात्र अर्ध्या तासात भट्टीतून बाहेर पडून ऐटीत पानावर येतो. घेवड्याचा संताप हा दिवसभर राबणाऱ्याचा आयत्या वेळी येऊन मान मिळवणाऱ्यावरचा संताप आहे. मारामारीला कारण आहे, आणि ते स्वयंपाकघरातलेच आहे. म्हणूनच ही नुसती बाष्कळ कल्पना वाटत नाही.

गीतकार म्हणून तबकडीवर फ्रेडी क्लार्क आणि फ्लीसी मूर ही नावे आहेत. फ्लीसी मूर ही जॉर्डनची पत्नी. तो स्वतः दुसऱ्या प्रकाशकाच्या कराराने बांधलेला असल्यामुळे काही गाण्यांवर तिचे नाव घालत असे. शब्दांत नेमका कोणाचा हात किती, हे शोधण्यात नवख्या श्रोत्याने वेळ घालवू नये.

दुसरी फेरी: टाळी कोठे पडते

आता शब्द सोडून द्या आणि फक्त लय धरा. एक, दोन, तीन, चार अशा चार मात्रा मोजा. आपल्या हाताला समेवर टाळी देण्याची सवय असते, म्हणजे टाळी आपोआप ‘एक’वर पडते, आणि त्या क्षणी हे संगीत आपल्या हातातून निसटते. येथे टाळी द्यायची ती ‘दोन’ आणि ‘चार’वर. भजनात टाळ धरून वाढलेल्या माझ्या हाताला हे साधायला आठवडा लागला. उपाय सोपा आहे: ‘एक’ आणि ‘तीन’ पायाने जमिनीवर द्या, ‘दोन’ आणि ‘चार’ हाताने. पाय आणि हात यांच्यात काम वाटून दिले की मन गोंधळत नाही आणि अंग आपोआप डोलू लागते.

एवढे जमले की मात्रेच्या पोटात डोकावा. प्रत्येक मात्रेचे तीन सारखे भाग आहेत अशी कल्पना करा. पहिले दोन जोडलेले, म्हणून लांब, आणि तिसरा आखूड. लांब-आखूड, लांब-आखूड अशी जी दुडकी चाल तयार होते, तिला शफल म्हणतात. ती कागदावर लिहून कळत नाही, पण एकदा कानाने पकडली की सोडत नाही. तिच्याखाली बास हे खर्जाचे तंतुवाद्य प्रत्येक मात्रेवर एकेक स्वर टाकत पायऱ्या चढते-उतरते. हेडफोन हवा तो या पायऱ्यांसाठी.

ब्लूजची चौकट शिकायची असेल तर या गाण्याआधी जॉर्डनचेच १९४६ चे ‘लेट द गुड टाइम्स रोल’ घ्यावे, कारण त्याची लय मोजणाऱ्याला सवड देणारी आहे. चार मात्रांचा एक खंड आणि असे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले चार खंड षड्जाच्या आधारावर, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन परत षड्जावर. नववा खंड पंचमावर चढतो, दहाव्यात उतरणी सुरू होते आणि अकराव्या-बाराव्यात घरी परत. पहिल्या चार खंडांत वाद्ये पुष्कळदा एकेक ठोका देऊन गप्प होतात आणि गायकाला मोकळे रान देतात. पाचव्या खंडाला सगळा ताफा एकदम धावू लागतो. ही थांबण्याची आणि सुटण्याची जागा ओळखता आली की जंप ब्लूजमधले अर्धे नाट्य हाती आले.

तिसरी फेरी: वाद्ये

या फेरीत फार रेंगाळण्याची गरज नाही, परंतु एक प्रश्न मनात धरून ऐकावे: एवढ्याशा ताफ्यातून एवढा मोठा आवाज निघतो कसा? त्या वर्षांत ट्रंपेटवर एरन आयझेनहॉल आणि टेनर सॅक्सोफोनवर जॉश जॅक्सन असत, आणि जॉर्डन स्वतः आल्टो सॅक्सोफोन वाजवी. ही फुंकवाद्ये एकमेकांच्या अगदी जवळचे स्वर धरून, एकाच श्वासात, एकच छोटी स्वरावली वारंवार फेकतात. तिला रिफ म्हणतात. जोर वादकांच्या संख्येतून येत नाही. सगळ्यांनी एकाच क्षणी तोंड उघडण्यातून आणि एकाच क्षणी मिटण्यातून येतो. जॉर्डनचा सॅक्सोफोन त्याच्या गळ्यासारखाच वाजतो, हेही ध्यानात येईल. शब्दाची टोके जशी तो तोडून बोलतो, तशीच तो स्वरांची टोके तोडतो.

डेकामध्ये जॉर्डनची मुद्रणे पाहणारा निर्माता मिल्ट गेबलर याने पुढे १९५४ मध्ये बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे रॉक अँड रोलचे गाजलेले गाणे मुद्रित केले. रॉक अँड रोल आकाशातून पडले असे समजणाऱ्यांनी ही दोन मुद्रणे पाठोपाठ ऐकावीत.

चौथी फेरी: झील

गाण्याचा मध्य ओलांडताच काहीतरी बदलते, आणि बहुतेक नवे श्रोते येथेच चकतात, कारण त्यांना वाटते की तेच चालू आहे. भांडण बाजूला पडते. जॉर्डनचा आवाज गाणे सोडून बोलण्याकडे झुकतो, मग बोलणे सोडून पुकारा होतो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी वरच्या पट्टीत सुरू होते, आणि ताफ्यातले लोक मागून होकार भरू लागतात. हे कोर्टकचेरीतले बोलणे नाही आणि हॉटेलातलेही नाही. हे रविवारच्या सकाळचे, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले प्रवचन आहे. प्रवचनकार ओळ टाकतो, मंडळी ती झेलते, तिच्या झेलण्याने त्याला जोर चढतो, आणि तो पुढची ओळ आणखी वर टाकतो.

पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांत याला हाक आणि प्रतिसाद अशा अर्थाचे नाव असते, परंतु आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: झील. पोवाड्यात, गोंधळात, भारुडात शाहिराच्या किंवा गोंधळ्याच्या ओळीचे टोक झीलकरी उचलतो आणि सूर खाली पडू देत नाही. ही कल्पना मनात ठेवून चौथ्यांदा गाणे ऐका, आणि यावेळी फक्त झीलकऱ्यांवर लक्ष ठेवा. जॉर्डनची ओळ संपण्याआधीच ते कोठे घुसतात आणि कोठे मुद्दाम क्षणभर थांबतात, ते पाहा. माझ्या मते या गाण्याची खरी गंमत त्या अर्ध्या क्षणाच्या थांबण्यात आहे. एक फरकही नोंदवायला हवा: आपला झीलकरी मुख्यतः सूर धरून ठेवतो, येथे ताफ्यातली माणसे सूरही धरतात आणि भक्तमंडळींचे सोंगही घेतात, म्हणजे ती एकाच वेळी वादक आणि पात्रे असतात.

प्रवचनाचा सांगावा असा की आपण दोघांनी हातात हात घालून राहिले पाहिजे. आणि तो सांगता सांगता घेवडा पावाला म्हणतो की तू मला काय समजतोस याने काही बिघडत नाही, परंतु मी तुला काय समजतो याने पुष्कळ बिघडते. प्रवचनाच्या सुरात आल्यामुळे वाक्य मोठे शहाणपणाचे वाटते, आणि नीट पाहिले तर ती शुद्ध मिजास आहे! समेट करतानाही घेवड्याचा ताठा उतरलेला नाही. चर्चच्या प्रवचनाची ही नक्कल चेष्टेची आहे, पण ज्याने ते प्रवचन मनापासून ऐकले आहे त्यानेच केलेली आहे. कीर्तनकाराची हुबेहूब नक्कल तोच करतो, जो लहानपणी कीर्तनाला पुढे जाऊन बसलेला असतो.

पाचवी फेरी: पदार्थांची यादी

आता शब्दकोश जवळ घेऊन बसायला हरकत नाही. आपण एकमेकांना धरून राहावे, कसे, तर अमक्या-तमक्यासारखे, अशी एक मूठ तयार करून जॉर्डन तिला पदार्थांच्या नवनव्या जोड्या बसवत जातो. अभंगात ध्रुवपद तेच राहते आणि दृष्टान्त बदलत जातात, तशी ही रचना आहे. यादी वरवर पाहता भूक चाळवणारी आहे, पण जोड्या कोणकोणत्या घरांतून आल्या आहेत ते पाहावे.

जर्मन स्थलांतरितांचे सॉसेज आणि आंबवलेली कोबी. आयरिश-अमेरिकन घरांतले खारवलेले गोमांस आणि कोबी. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतला बेगल हा कड्यासारखा पाव आणि त्यावरचा खारवलेल्या साल्मन माशाचा पातळ काप. न्यू ऑर्लिन्सचा लाल घेवडा आणि भात. हा शेवटचा पदार्थ तेथे सोमवारी होत असे, कारण सोमवार हा धुण्याचा दिवस आणि घेवडा चुलीवर ठेवला की बाई कपड्यांकडे जायला मोकळी. त्याच शहरात जन्मलेला जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांच्या शेवटी ‘आपला विनम्र’च्या जागी या लाल घेवडा-भाताचे नाव घालून सही करत असे. मग येतात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या ताटातली चिटलिन्स आणि सोबत बटाट्याचे सॅलड. चिटलिन्स म्हणजे डुकराची आतडी. गुलामगिरीच्या काळात चांगले मांस मालकाच्या घरात जाई आणि असले उरलेसुरले भाग राबणाऱ्यांच्या वाट्याला येत. ते तासन्‌तास धुऊन, शिजवून त्यांनी त्याची मेजवानी केली. कृष्णवर्णीय कलावंत ज्या थिएटरांमधून आणि क्लबांमधून फिरत, त्या साखळीलाही पुढे ‘चिटलिन सर्किट’ असेच नाव मिळाले, आणि जॉर्डन त्या साखळीतला मोठा तारा होता.

नवख्या वाचकाने दोन शब्दांना फसू नये. यादीतले ‘बिस्किट’ म्हणजे चहात बुडवायचे बिस्कीट नव्हे; अमेरिकेत तो मऊ, खारट, पापुद्रे सुटणारा छोटा पाव असतो. ‘मोलॅसिस’ म्हणजे काकवीच्या जवळ जाणारा, पण तिच्याहून काळा आणि थोडा कडवट पाक. तो जाड धिरड्यासारख्या हॉटकेकवर ओततात.

या सगळ्या खाण्याच्या गर्दीत एक जोडी खाण्याची नाही: बहीण आणि भाऊ. ती मोठ्या घोषणेसह येत नाही. सॉसेज आणि मोहरी यांच्या आगेमागे सहज येऊन जाते, आणि पहिल्या दोन-तीन वेळा ऐकताना कानांवरून निसटून जाते. १९४९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय आणि गोरे यांना खानावळीतल्या एका फळीवर बसून जेवता येत नव्हते; कायदा आणि रिवाज दोन्ही आडवे होते. त्या वर्षी, वंशाचे नाव नुकतेच पुसलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या गाण्यात, ज्यू, आयरिश, जर्मन आणि कृष्णवर्णीय घरांतली ताटे एका पंगतीत मांडली आहेत.

यावरून हे गाणे म्हणजे समतेचा जाहीरनामा आहे, असे म्हणणारे लेख वाचायला मिळतात. मला ते पटत नाही. जॉर्डनला आधी नाच हवा होता, मग हशा, आणि त्यानंतर बाकीचे. परंतु ज्या माणसाचे गाणे दोन्ही वस्त्यांत वाजत होते, त्याने पंगत मांडताना कोणालाही वगळले नाही, एवढे मात्र कानाने ऐकू येते, आणि माझ्या मते तेवढेच पुरेसे आहे.

मग स्वयंपाकघरात

पाच फेऱ्या झाल्या की हे दोन पदार्थ एकदा करून खावेत, असा माझा आग्रह आहे. त्याशिवाय गाण्यातले भांडण जिभेला कळत नाही. येथे मी केलेली चूक सांगून ठेवतो. पहिल्यांदा मी वाण्याकडून कॉर्नफ्लोअरची पुडी आणली, आणि भट्टीतून जे बाहेर आले ते पांढरे, चिवट आणि खळीसारखे होते. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो मक्याचा निव्वळ स्टार्च, सूप दाट करायचा. पावाला हवे ते पिवळे, थोडे भरड मक्याचे पीठ, जे गिरणीत मका दळूनही मिळते. दोन वाट्या पीठ, त्यात ताजे ताक, एक-दोन अंडी, मीठ, थोडा खाण्याचा सोडा. आणि महत्त्वाचे म्हणजे बिडाचा तवा किंवा कढई आधी कडकडीत तापवून त्यात चरबी किंवा लोणी वितळवून मगच मिश्रण ओतायचे. ओतताना चर्र असा आवाज आला पाहिजे, म्हणजे खालचे कवच खरपूस होते. साखर घालावी की नाही, यावर अमेरिकेच्या दक्षिणेत आजही वाद होतात; जुन्या पद्धतीच्या घरांत ती घालत नाहीत.

घेवडा खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवण्याची तिकडची रीत आहे. मांस नको असेल तर कांदा, मिरी आणि भरपूर वेळ यांवर काम भागते. अडीच वाजता चढवा, म्हणजे ओळ आठवत राहील. ताटात घेवड्याचा दाट रस्सा आणि त्यात कुस्करलेला पाव, असे खाल्ले की दोघे एकमेकांना का सोडू शकत नाहीत हे समजते. कोरडा मक्याचा पाव घशात अडकतो, आणि नुसत्या घेवड्याचा कंटाळा येतो. पिठल्याशिवाय ज्वारीची भाकरी पुढे ठेवली तर आपण काय म्हणू, तेच येथे.

पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी आपापल्या उणिवा झाकते. मक्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते घेवड्यात भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मका पुरवतो. ही मैत्री तबकडीच्या कितीतरी शतके आधीची आहे. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटाला धरून वर चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात, आणि भोपळ्याची पाने ओल टिकवतात. म्हणजे घेवडा शेतातही ताटाला धरून, आणि घरातही ताटातच. भांडण काय ते मधल्या भांड्यातले.

पुढे काय ऐकावे

येथून दोन वाटा निघतात. पहिली जॉर्डनच्याच खाद्यगाण्यांची. त्यातले सर्वांत मोठे ‘सॅटर्डे नाइट फिश फ्राय’, हेही १९४९ चेच. न्यू ऑर्लिन्समधल्या एका घरी शनिवारी रात्री तळलेल्या माशांची मेजवानी, दारू, नाच, आणि मग पोलिसांची धाड. गाणे पाच मिनिटांहून लांब असल्यामुळे ते तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले. नाचणाऱ्यांना मध्येच थांबून तबकडी उलटावी लागे, तरीही ते बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ‘एन्ट नोबडी हिअर बट अस चिकन्स’ हे १९४६ चे गाणे खाण्याचे नाही, खाल्ले जाणाऱ्यांचे आहे: कोंबड्यांच्या खुराड्यातून येणारा आवाज मालकाला सांगतो की येथे आम्हा कोंबड्यांशिवाय कोणी नाही.

दुसरी वाट आपल्या घराकडे येते. ज्या वर्षांत जॉर्डनच्या तबकड्या निघत होत्या, त्याच वर्षांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी स्विंग या नाचाच्या जॅझच्या ठेक्यावर चाली बांधत होते, आणि चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे ट्रंपेटवादक त्यांत वाजवत होते. १९५१ चा ‘अलबेला’ या दृष्टीने पुन्हा ऐकावा, म्हणजे फुंकवाद्यांच्या रिफ आणि गायकाला मिळणारी झील कानाला ओळखीची वाटू लागेल. एकाने दुसऱ्याचे उचलले असे म्हणण्याची घाई करू नये. दोघांनीही आपापल्या गावी एकाच काळाचे जॅझ ऐकले होते, एवढे म्हणणे पुरे.

शेवटची सूचना म्हणजे हे गाणे चार माणसांत ऐकावे. मी एका शनिवारी घेवडा आणि मक्याचा पाव केला तेव्हा शेजारच्या काकूंना जेवायला बोलावले होते, ज्या तीस वर्षे भजनी मंडळात गात आल्या आहेत. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही. गाणे दुसऱ्यांदा लागले तेव्हा प्रवचनाच्या भागात त्यांनी हातातला घास खाली ठेवला, मान डोलावली आणि जॉर्डनची ओळ संपायच्या नेमक्या अर्धा क्षण आधी ताफ्याबरोबर स्वतःच होकार भरला. “अरे, हे तर भारूड आहे,” त्या म्हणाल्या, “फक्त हा बुवा जेवणाचे बोलतोय.” तिसऱ्यांदा लावले तेव्हा एकही झील चुकली नाही. टाळी मात्र शेवटपर्यंत समेवरच पडत राहिली.